देवामागचे पासवर्ड

आमच्या फॅक्टरीतल्या संगणकांची सुरक्षा माझ्याकडे आहे, असं माझ्या नेमणूकपत्रात लिहिलंय. प्रत्यक्षात ती देवांकडे होती, हे कळायला मला जरा वेळ लागला.

फॅक्टरी सिल्व्हासाजवळ सायलीत आहे, बटणांची. परदेशात शिवल्या जाणाऱ्या शर्टांची बटणं इथे ओततात, कापतात, घासून चकचकीत करतात. घासताना पिठासारखी भुकटी उडते. ती कामगारांच्या भुवयांवर बसते, डब्यातल्या भाजीवर बसते, आणि सगळ्यात आवडीने संगणकाच्या पंख्यात जाऊन बसते. माझा हुद्दा 'सिस्टीम इनचार्ज'. नाशिकला माझी आई ज्यांना ज्यांना तो सांगते, त्यांच्या डोळ्यांसमोर काचेची थंडगार खोली येते. प्रत्यक्षात मी अर्धा दिवस रंगाऱ्याचा ब्रश घेऊन पंखे झाडत असते.

इथे येण्याआधी मी संगणक सुरक्षेचा एक महागडा कोर्स केला होता. त्यात चोराचं चित्र होतं: डोक्यावरून टोपी ओढलेला, अंधारात एकटाच बसलेला, फार हुशार. सिल्व्हासाच्या उकाड्यात तसली टोपी ओढून कुणी बसला तर आधी त्यालाच सलाईन लावावं लागेल. आमच्याकडचे धोके साधे आणि घरगुती. एक पाल यूपीएसमध्ये शिरते, दोन तारांच्या मध्ये अंग टाकते आणि स्वतःबरोबर अख्ख्या डिस्पॅच विभागाला घेऊन जाते. उंदरांना नेटवर्कच्या केबलींतली निळीच आवडते, पिवळीला ते तोंड लावत नाहीत. कुणाच्या तरी भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून येतो, आणि त्याच्यासोबत तीन जातींचे व्हायरस वऱ्हाडासारखे येतात. कोर्समध्ये यातलं काही नव्हतं.

सर्व्हर रूमचं तर काय सांगावं. तिथे एसी चोवीस तास चालतो, म्हणून अख्ख्या फॅक्टरीत तीच खोली सगळ्यांची लाडकी. कँटीनचं दही तिथे. कुणाचा ताप उतरेना, तो दुपारी तिथे आडवा. दाराला भक्कम कुलूप आहे आणि त्याची चावी शेजारीच खिळ्याला टांगलेली. मी पहिल्याच आठवड्यात ती काढून घेतली तर प्रॉडक्शन मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब मुंबईचे, शिकलेले, बोलायला मऊ.

"मॅडम, चावी तुमच्याकडे राहिली तर दही कोण काढणार?"

मी चावी परत खिळ्याला लावली. नोकरी करारावरची होती, आणि दह्यासाठी ती घालवणं मला परवडणारं नव्हतं.

ही नोकरी मला का टिकवायची होती, ते सांगूनच टाकते. नवऱ्याशी जमलं नाही, तेव्हा मी काही महिने नाशिकला भावाकडे राहिले. भाऊ चांगला, वहिनी चांगली, घर दोन खोल्यांचं. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे. सकाळी दूधवाला यायच्या आत उशी-चादर घडी करून सोफ्यामागे सरकवायची, म्हणजे मी तिथे राहते हे पाहुण्यांना दिसू नये. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. सिल्व्हासात माझी स्वतःची एक खोली आहे, गॅसची शेगडी आहे, आणि पलंगावरची चादर दिवसभर तशीच पसरलेली असते. मला परत जायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते.

आणि हे सगळं फॅक्टरीतल्या एका माणसाला तोंडपाठ होतं. माझ्या सिमकार्डाला आवारात फक्त स्टोअरच्या खिडकीशी रेंज मिळते. आईचा रोज दुपारी फोन यायचा, आणि मी खिडकीचा गज धरून ओरडायचे, "नाही आई, नाशिकला नाही येणार. नाही. सोफ्याचा प्रश्न नाहीये." खिडकीच्या आत स्टोअरकीपर काका बसलेले. लोकांनी आपली गुपितं कशी जपावीत याचं प्रशिक्षण मी देत असे, आणि माझी गुपितं बटणांच्या पोत्यांवर रोज सांडत होती.

काका धुळ्याकडचे. फॅक्टरी उभी राहिली तेव्हापासून इथे. संगणक आला तेव्हा त्यांनी त्याला हार घातला आणि मगच चालू केला. टाइप करताना ते एकच बोट वापरतात आणि प्रत्येक अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणतात, त्यामुळे त्यांचा पासवर्ड स्टोअरपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. तसा तो न ऐकताही कळला असता, कारण त्यांच्या टेबलावर सप्तशृंगीचा फोटो होता.

ही आमच्या फॅक्टरीची रीत. मी रुजू झाल्यावर लवकरच ती माझ्या लक्षात आली. ज्याच्या टेबलावर जो देव, तोच त्याचा पासवर्ड. अकाउंट्समध्ये अंबाजी, गेटवर हनुमान, डिझाइनच्या खोलीत साईबाबा; पुढे एकशे आठ नाहीतर गाडीचा नंबर. बाहेरच्या एखाद्याने चहा पीत पीत सगळीकडे नुसतं दर्शन घेत फिरायचं ठरवलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत अख्खी कंपनी त्याच्या हातात आली असती.

मी काकांना समजावलं. पासवर्ड अवघड हवा, कुणाला सुचू नये असा हवा, आणि दर तीन महिन्यांनी बदलायला हवा. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ताई, कुलदैवत शे ते. दर तीन महिन्याले देव बदलू का मी?"

मी पुढच्या टेबलाकडे, म्हणजे पुढच्या देवाकडे वळले.

दोन पावसाळे असेच गेले. मग गिऱ्हाईकाकडून पत्र आलं. आमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक असलेली परदेशी कंपनी पुढच्या हंगामाची बटणांची डिझाइनं आम्हाला आधीच पाठवते, आणि ती बाहेर फुटू नयेत म्हणून आता ती आमच्या संगणकांची तपासणी करणार होती. तपासनीस दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. एवढा पाहुणचार झाला की समजावं.

"मॅडम, पास झालो तर तुमचा करार पुढे. नाही झालो, तर वापीची एक एजन्सी हे काम बघायला तयार आहे. पर्सनली घेऊ नका."

मी अजिबात पर्सनली घेतलं नाही. फक्त सोफ्याची उसवलेली शिवण डोळ्यांपुढे आली.

मग मी कडक झाले. सगळ्यांचे देव रद्द केले आणि प्रत्येकाला यंत्राने बनवलेला पासवर्ड दिला: लहान-मोठी अक्षरं, आकडे, डॉलरची खूण, चांदणी. बघूनच झीट यावी असे. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड तर दोन तुकड्यांत केला, अर्धा माझा, अर्धा साहेबांचा, म्हणजे एकट्याला काही करता येऊ नये. नियमांचं एक पान मी स्वतः टाइप करून प्रत्येक भिंतीवर लावलं. पासवर्ड कुठेही लिहून ठेवायचा नाही. पासवर्ड मोठ्याने म्हणायचा नाही. कुणाच्या कानावर गेलाच तर त्याच दिवशी बदलायचा.

आणि आठवड्याभरात चमत्कार झाला. कुणीही लॉगिन विसरेना. उलट भक्ती वाढली. सकाळी खुर्चीत बसलं की आधी प्रत्येक जण देवाच्या फोटोला हात लावी, तो जरासा पुढे झुकवी, डोळे बारीक करून काही पुटपुटे, आणि मग टाइप करी. मी भाबडी. मला वाटलं, माझ्या धाकाने लोकांना देव आठवतोय. एकदा अकाउंट्समधली अंबाजी मी स्वतः पुढे झुकवून पाहिली तेव्हा मागे चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी दिसली. गणपतीमागे चिठ्ठी. हनुमानामागे चिठ्ठी. साहेबांनी त्यांचा अर्धा तुकडा केबिनमधल्या लक्ष्मीमागे खोचला होता. "तिजोरीपेक्षा सेफ," ते म्हणाले, "तिला कोण हात लावतंय?"

माझं डोकं फिरलं. पण शुक्रवारचा दसरा तोंडावर होता, सगळे पूजेच्या गडबडीत. दसरा झाला की शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या आणि सोमवारच्या आत लोकांकडून पासवर्ड घोकून घ्यायचे, असं मी ठरवलं.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते आणि ती काका करतात. ओतायच्या मशीनपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. सगळी यंत्रं बंद ठेवायची, संगणकसुद्धा. सर्व्हरपाशी माझी आणि काकांची दरवर्षी घासाघीस चालते. पहिल्या वर्षी त्यांनी पंख्याच्या जाळीतून मूठभर अक्षता आत सोडल्या होत्या, त्या मी दिवाळीपर्यंत वेचत होते. यंदा तह झाला. नारळ दाराबाहेर फुटेल, कुंकू फक्त कपाटाच्या पत्र्याला, अक्षता नाहीत. सर्व्हरच्या डोक्यावर श्रीखंडाचे डबे होते, ते मात्र जेवणापर्यंत हलले नाहीत.

पूजेआधी काका सगळ्यांचे देव उतरवतात, हे मला माहीत नव्हतं. आदल्या वर्षीचे वाळके हार काढायचे, फोटो पुसायचे, काच लख्ख करायची, मग नवा हार. ते त्यांनी सकाळी लवकर येऊन उरकलं होतं. दुपारी श्रीखंड-पुरी झाली, जिलेबी-फाफडा वाटला गेला, आणि संध्याकाळी काका निर्माल्याची गोणी स्कूटरला बांधून दमणगंगेवर गेले.

शनिवारी सकाळी सगळे आले, खुर्चीत बसले, देव पुढे झुकवले, आणि झुकवलेलेच राहिले.

मी आधी अकाउंट्समध्ये धावले, मग डिझाइनमध्ये. सगळ्या देवांच्या पाठी स्वच्छ. मी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"काका, फोटोंच्या मागे कागद होते."

"व्हते ना. चिकटेल व्हते, काढता काढता नखं गेली."

"कुठे आहेत ते?"

"गंगेत."

"काका! तुमचाही होता त्यात!"

त्यांनी सप्तशृंगीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला, पण पश्चात्ताप नव्हता. "ताई, देवना मांगे व्हतं, ते देवनंच ना. कचरापेटीमा कसं टाकू?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण एवढ्यात त्याच खिडकीत माझा फोन वाजला, आई होती. ती म्हणाली की भावाने जुना सोफा काढून नवा घेतलाय, तो उघडला की पलंग होतो. तुला आवडेल, म्हणाली. मी फोन ठेवला आणि पोत्यावर बसून रडले. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि भलतीकडे बघत राहिले.

साहेबांना त्यांचा अर्धा तुकडा आठवत नव्हता. त्यात चांदणी होती एवढं आठवत होतं. आता सगळ्यांचे पासवर्ड नव्याने द्यायचे तर सर्व्हरमध्ये शिरायला हवं, आणि शिरायचा अर्धा रस्ता दमणगंगेतून दमणच्या दिशेने निघून गेलेला. राहता राहिला एकच उपाय. स्वतःच्याच सर्व्हरवर दरोडा.

मी खिळ्यावरची चावी घेतली, कुलूप उघडलं, उरलेल्या श्रीखंडाचा डबा बाजूला केला, कोर्समध्ये मिळालेला एक पेनड्राइव्ह लावला आणि सर्व्हर बंद करून त्यावरून चालू केला. मला कुणी अडवलं नाही. कँटीनवाला येऊन दही घेऊन गेला, जाताना "चालू द्या" म्हणाला. हातातला चहा निवायच्या आत मुख्य पासवर्ड पुसला गेला होता. परदेशी कंपनीची सगळी गुप्त डिझाइनं एका पेनड्राइव्हच्या आणि एका खिळ्याच्या अंतरावर होती. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर घाम फुटला.

तेव्हा मी पहिल्यांदा साहेबांना न विचारता कामं केली. खिळा उपटला. चावी गळ्यात घातली. सर्व्हर बाहेरच्या पेनड्राइव्हवरून चालूच होऊ नये अशी सोय केली. दही बाहेर काढलं. साहेबांनी ते चालू दिलं. त्यांच्या पुढ्यातही सोमवार होता.

मग पासवर्ड. यंत्राने बनवलेले दिले तर पुन्हा देवामागे जाणार. सगळ्यांना गोळा करून मी सांगितलं, "एक वाक्य घ्या. लांब. रोज मनात येतं असं, म्हणजे विसरणार नाही. देवाचं नाव, गाडीचा नंबर, मुलांची नावं चालणार नाहीत. शेवटी एक आकडा आणि एक खूण, उद्गारचिन्हासारखी." मग एकेकाच्या टेबलाशी जाऊन मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि त्यांनी आपापलं वाक्य भरलं.

काकांना सगळ्यात जास्त वेळ लागला. "देवीनं नाव नको म्हन्ता. मंग तिच्याकडे जे मागतो ते चालेल का?"

"चालेल. फक्त मनातल्या मनात म्हणा, काका. मोठ्याने नको."

"बरं," ते म्हणाले. मी त्यांना ते वाक्य शनिवारभर भरायला लावलं, घोटून घोटून.

सोमवारी तपासनीस आले. चेन्नईचे, पन्नाशीचे, इस्त्रीचा कडक शर्ट. त्या शर्टाची बटणं कुठल्या कंपनीची आहेत ते मला लांबूनच कळलं, आपली नव्हती. मराठीचा गंध नाही, हिंदी मोजकी. सर्व्हर रूमचं कुलूप त्यांनी ओढून पाहिलं. यूपीएसला मी पालीसाठी जाळी मारली होती, तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग ते अकाउंट्समध्ये शिरले, आणि काहीही न विचारता थेट अंबाजीचा फोटो उचलून मागे पाहिलं.

पाठ कोरी. त्यांनी गणपती उचलला. कोरा. हनुमान, साईबाबा, केबिनमधली लक्ष्मी. हा माणूस बरीच वर्षं आमच्यासारख्या फॅक्टऱ्या फिरत असणार. सगळीकडे देव उचलून पाहिल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे आदराने बघत म्हणाले, "मॅडम, पंद्रह साल में पहली बार! सब जगह भगवान के पीछे मिलता है. आपने कैसे किया?"

"ट्रेनिंग," मी म्हटलं. साहेबांना खोकला आला.

शेवटी ते स्टोअरमध्ये आले. काकांच्या टेबलावरचा फोटो त्यांनी उचलला, ठेवला, आणि गोड आवाजात विचारलं, "ये कौनसी देवी है?" आता हा भाविकपणा नव्हे हे मला कळलं, काकांना नाही. काकांनी खुशीत नाव सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं. तपासनिसांनी त्यांची खुर्ची घेतली आणि ते टाइप केलं. संगणकाने नकार दिला. पुढे एकशे आठ लावून पाहिलं. नकार. ते उठले, काकांना खुर्ची देऊन म्हणाले, "आप खोलिए."

काका बसले. तपासनीस त्यांच्या डाव्या खांद्याशी, मी उजव्या. काकांनी तर्जनी वर केली आणि मी जे घोटून घेतलं होतं ते सगळं विसरून, नेहमीसारखे, प्रत्येक शब्द म्हणत टाइप करू लागले.

"ताई... नाशिकले... जावाले... नको... एक... अन् काठी-टिंब."

संगणक उघडला. तपासनिसांना वाटलं, म्हातारा मंत्र म्हणतोय. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. मी तिथेच उभी राहिले. साहेबांनी दोनदा हाक मारली तरी माझा पाय उचलेना, कारण उचलला असता तर सगळ्यांसमोर रडू फुटलं असतं. काका मागे वळून म्हणाले, "चुकलं का काही, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

आम्ही पास झालो. साहेबांनी पेढे वाटले आणि माझा करार वाढवला. कायम नाही केला, एक वर्ष वाढवला. चावीसाठी ते मला दुसरा खिळा सुचवत असतात.

माझ्याच हाताने भिंतीवर लावलेला नियम सांगतो की कानावर गेलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा. मी काकांना काही सांगितलं नाही. हिवाळा सरत आला तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर मुदतीची सूचना आली, आणि ते खिडकीतून वाकून मला म्हणाले, "ताई, तीन महिने सरले म्हनतंय हे. बदलू का?"

मी तेव्हा आईशी बोलत होते. फोनवर हात ठेवला.

"नको काका," मी म्हटलं. "अजून लागणार आहे."